चाळीतला पावणो

लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, नळाच्या बाजूच्या खोलीत लवू परब नावाचा एक साचेवाला राहत असे. त्याला सगळी चाळ ‘पावणो’ म्हणायची. गावचं कार्ड आलं की पोस्टमनसुद्धा खालूनच हाक मारी, ‘‘पावणो, पत्र.’’ नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटे, हा गृहस्थ कोणाकडे तरी चार दिवस उतरला असावा. मग तो नवा माणूस जुना होई, त्याच्या पोरांची लग्नं होत, सुना येत, आणि पावणो आपला सकाळ-संध्याकाळ तिथंच गॅलरीत विडी ओढताना दिसे. मालवणी मुलखात पावणो म्हणजे पाहुणा. इतकी वर्षं एकाच खोलीत मुक्काम ठोकलेला पाहुणा उभ्या गिरणगावात दुसरा नव्हता.

हे नाव त्याला मित्रांनी दिलं नाही, की शत्रूंनीही नाही. पोटच्या पोरीने दिलं. आणि ते जाहीर झालं राणीच्या बागेत, माकडांच्या पिंजऱ्यासमोर, एका हवालदाराच्या साक्षीने. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते.

लवू मूळचा मालवणच्या अलीकडच्या एका खेड्यातला. मिशा फुटायच्या आत मुंबईला आला आणि कापडाच्या मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे मागांवर, लागला. साचाखात्यात आवाज असा की शेजारी उभ्या माणसाने ढोल बडवला तरी तो हात हलवतोय एवढंच दिसावं. तिथं बोलायची सोय नाही. सगळं खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी चालतं. त्यामुळे पाळीभर तुंबलेलं बोलणं लवू बाहेर आल्यावर मोकळं सोडी, आणि सोडी ते साचे अजून सुरूच आहेत अशा बेताने. त्याचा शेजारी शिवा म्हणायचा, ‘‘लवू कानात सांगतो ना, ते चिंचपोकळी स्टेशनात तिकीट मास्तरला ऐकू जातं.’’ स्वभावाने माणूस लोण्याचा. पण लोण्याचा आहे हे कळायला आधी कान शाबूत राहायला हवेत.

पुष्कळ वर्षं तो गाववाल्यांच्या गाळ्यात राहिला. एका खोलीत जेवढे मावतील तेवढे, आणि न मावतील ते गॅलरीत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. बायको राधा गावी, सासूजवळ. लवू गावी जायचा तो शिमग्याला आणि गणपतीला. मग एकदाची ही चाळीतली खोली मिळाली. त्या वर्षी शिमग्याला गेला तो परत येताना राधाला आणि सहा वर्षांच्या अंबिकेला बोटीत घालूनच आला. चाळीत पेढे वाटले. ‘आता आपण बिऱ्हाडवाले,’ असं ज्याला त्याला सांगत सुटला. सांगायची गरज नव्हती. पहिल्यांदा बायकोला सांगितलं तेव्हाच ते चारी माळ्यांना कळलं होतं.

घोडं अडलं ते अंबीपाशी.

अंबीच्या हिशेबात बापूस म्हणजे शेजारच्या घरात असतो तो. तो रोज असतो. तो पोरांना ओरडतो, माडाला पाणी घालतो, रात्री खोकतो. लवू यातलं काही करत नसे. तो आला की आजी पडवीत नवी घोंगडी अंथरी, कोंबडं कापी, घरात कोणी मोठ्याने भांडत नसे. तो खजूर आणि लेमनच्या गोळ्या आणी. आठ-दहा दिवस राही आणि जाई. असा जो असतो त्याला काय म्हणतात हे कोकणातल्या पोराला शिकवावं लागत नाही. आजीने आणि आईने पुष्कळ सांगून पाहिलं, ‘‘अगो, तो तुझो बापूस.’’ अंबी मान हलवी. मोठी माणसं काहीबाही सांगतात हे तिला ठाऊक होतं.

मुंबईत आल्यावर तिने पहिल्याच दिवशी आईला विचारलं, ‘‘पावणो जेवलो?’’

राधाने तिच्या तोंडावर हात ठेवला. लवू गडगडून हसला, मांडीवर थाप मारून हसला, आणि मग बराच वेळ गॅलरीत उभा राहून खालची ट्राम बघत राहिला. त्याला ते फार लागलं होतं. साच्यात हात सापडला तेव्हासुद्धा त्याने एवढं तोंड वाकडं केलं नव्हतं.

बरं, पोर नुसती पावणो म्हणून थांबली असती तरी चाललं असतं. पण तिने हाय खाल्ली. जेवेना. नळावरच्या भांडणांना दचके. रात्री उठून दार कुठल्या बाजूला आहे ते चाचपडे. एकच धोशा, ‘‘माका घराक जावचा. आजीकडे.’’ लवू समजूत घालायला जवळ गेला की त्याच्या आवाजाने ती आणखी भेदरे. तो खाली बसून, आपल्या मते अगदी हळू, विचारी, ‘‘काय झाला गो बाय?’’ आणि समोरच्या चाळीतली माणसं खिडकीत येत, कोणाचं काय झालं ते बघायला.

मे महिना सरत आला. राधाचा भाऊ रामजी गावी निघाला होता, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने. त्यानंतर बोटी बंद, त्या नारळी पुनवेपर्यंत. राधा एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, ‘‘रामजीदादाबरोबर पाठवया तिका. पोर सुकान गेला. आजीकडे रवात, मोठा झाला की बघूया.’’

लवूला कळत होतं ती खरं बोलतेय. आणि हेही कळत होतं की पोर एकदा परत गेली की आपण पुन्हा घोंगडीवर बसून कोंबडं खाणारे. मग ती दहा वर्षांची होईल, बारा वर्षांची होईल, आणि एक दिवस लग्नाच्या मांडवात वाकून नमस्कार करून विचारील, पावणे बरे आसात ना.

‘‘माका एक रविवार दी,’’ तो बायकोला म्हणाला. ‘‘मुंबय बघूकच नाय तिना. चाळ बघल्यान, नळ बघल्यान. राणीचो बाग बघल्यान की आपणच म्हणतली, हयच रवतंय.’’

 राधाने शनिवारी तांदूळ भिजत घातले, घावन्यांसाठी.

पोरीला सोबत हवी म्हणून लवूने शिवाची चार पोरं मागून घेतली. शिवा म्हणाला, ‘‘खुशाल ने. आणि एखादं जास्त आवडलं वाघाला, तर मी काय बोलणार नाय.’’ ही चार पोरं म्हणजे चाळीचा उपद्रव. वरवंटा पळवून त्याचं रेल्वे इंजीन करणारी, तुळशीच्या कुंडीत क्रिकेटचा स्टंप रोवणारी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे ही घोषणा त्यांना शाळेच्या प्रार्थनेपेक्षा चांगली पाठ होती, आणि ती द्यायला त्यांना मोर्चा लागत नसे. जिन्यावरून उतरतानाही देत.

पण निघायच्या आधीच घोटाळा झाला. शहरात जमावबंदी होती. त्या वर्षी ती कधी लागे, कधी उठे, कोणाला पत्ता नसे. पाच माणसं एका ठिकाणी दिसली की पोलीस हटकत. आणि ही मंडळी होती सात.

‘‘पाच नाय दिसूक होये, एवढाच ना,’’ लवू म्हणाला, आणि त्याने सहलीचे दोन तुकडे केले. आपण आणि शिवाची दोन पोरं एका फुटपाथवर. राधा, अंबी आणि उरलेले दोघे दुसऱ्या फुटपाथवर. मधून ट्राम. वर सगळ्यांना ताकीद, की एकमेकांना ओळख दाखवायची नाही. मग काय, पोरांना स्वर्ग दोन बोटं उरला. लालबागपासून भायखळ्यापर्यंत ती चार भावंडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना अनोळखी असल्यासारखी वाकुल्या दाखवत गेली. लवू मात्र आपलाच नियम विसरे आणि मध्येच रस्त्यापलीकडून गर्जे, ‘‘राधा, डबो सांभाळ गो.’’ नाक्यावरचा शिपाई प्रत्येक वेळी दचकून काठी उचले.

अंबी आईचं बोट धरून मुकाट चालत होती. हा पावणा रस्त्याच्या पलीकडून चालतो, हे तिला रास्तच वाटलं असणार.

बागेत शिरल्यावर लवूच्या अंगात वीज संचारली. त्याने ठरवलं होतं की पोरीला एकेक गोष्ट अशी दाखवायची की तिचा आ वासलाच पाहिजे. पहिला दाखवला दगडी हत्ती. समुद्रापलीकडच्या लेण्यांतून आणून उभा केलेला, डोंगराएवढा. ‘‘बघ,’’ लवू म्हणाला.

अंबीने बघितलं. ‘‘मेलेलो आसा.’’

‘‘मेलेलो नाय गो, दगडाचो.’’

‘‘मग काय बघूचा?’’

लवू तिला गोरखचिंचेच्या झाडाकडे घेऊन गेला. बुंधा असा की चाळीतली एक खोली आत मावावी. लवूने सांगितलं, हे झाड आफ्रिकेतलं, तिथून बोटीने आणलंय. अंबीने वर पाहिलं, खाली पाहिलं. ‘‘आंबे धरतत?’’

‘‘नाय.’’

‘‘फणस?’’

‘‘नाय गो, ह्या नुसताच झाड.’’

‘‘मग बोटीतसून कित्याक आणल्यानी?’’

  ज्या बोटीत माणसाला पाय पसरायला जागा मिळत नाही, तिच्यातून फळ न धरणारं झाड आणायचं, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला पटवून देणं सोपं नाही.

वाघ पिंजऱ्यात झोपला होता. अंबीच्या गावात गेल्याच श्रावणात वाघाने शेजारचा गोऱ्हा उचलला होता. तिने त्याची पावलं बघितली होती. हा वाघ पोटावर माशा बसवून घोरत होता. पुढे सुसर झोपलेली. त्याच्या पुढे अस्वल, तेही झोपलेलं. चाळीत आल्यापासून अंबी बघत होती की अर्धी माणसं दिवसाढवळ्या झोपलेली असतात, आणि पोरांनी जरा आवाज केला की आत कोणीतरी ओरडतं, ‘रातपाळी आहे रे.’ तिने आईला विचारलं, ‘‘ह्येंचीव रातपाळी?’’

शिवाची पोरं हसून हसून जमिनीवर लोळली. राधाही पदराआड हसली. लवू एकटा हसला नाही. त्याला घाम फुटला होता. बाग संपत आली होती आणि पोरीचा आ काही वासला नव्हता.

नाही म्हणायला एकदा जमलं होतं. खऱ्या हत्तीने सोंड पुढे करून तिच्या हातातलं उसाचं कांडकं उचललं, अगदी अलगद, तेव्हा अंबीचे डोळे मोठे झाले, ओठ हलले, आता हसणार इतक्यात लवूला राहवलं नाही. तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘बघलस? हत्ती!’’ पोर दोन हात मागे उडाली. हत्तीनेही कान हलवले. राधाने नवऱ्याकडे असं बघितलं की तो पुढचा अर्धा तास रुमालाने तोंड पुसत राहिला.

दुपारी राधा एका झाडाखाली डबा घेऊन बसली आणि म्हणाली, ‘‘माकडा दाखवून येवा, मगे जेवया.’’ लवू पोरांना घेऊन माकडांच्या पिंजऱ्याकडे गेला. सगळा दिवस बिघडला तो तिथे. किंवा सुधारला. लवूला पुढे कोणी विचारलं की तो दोन्ही सांगे.

पिंजऱ्यासमोर गर्दी होती. माणसं हसत होती आणि माकडांना शेंगदाणे देत होती. अंबी जागच्या जागी थिजली.

तिला मुंबईत पुष्कळ अचाट गोष्टी दिसल्या होत्या, पण ही तिच्या कल्पनेपलीकडची होती. माकडांना कोणी खायला देतं? तिच्या गावात माकड म्हणजे वैरी. कोवळी शहाळी पिरगळून टाकणार, फणस अर्धा खाऊन अर्धा नासवणार, कौलं फोडणार. परड्यातल्या फणसाची राखण तिच्याकडे होती. माकडांची टोळी उतरली की दगड मारायचा आणि घशातून असा कुकारा काढायचा की वाडीतल्या चार घरांतून चार कुकारे यावेत. त्या कामात ती इतकी तरबेज होती की आजी तिला घरची पोलीस म्हणायची. आणि इथे चांगली धुतलेल्या कपड्यांतली माणसं त्या चोरांना बोलावून बोलावून शेंगदाणे चारत होती.

अंबी वाकली. तिने दगड उचलला. आणि गेले दोन महिने घशात अडकून पडलेला आवाज एकदम सुटला, ‘‘हाऽऽड! हूऽऽ कू!’’

दगड गजावर खणकन बसला. माकडं चीं चीं करत छताला चिकटली. शेंगदाणेवाल्या एका टोपीवाल्या गृहस्थाची पुडी हातातून पडली. दुसरा दगड पहिल्याच गजावर, पहिल्याच जागी.

आता एखाद्या शहाण्या बापाने काय केलं असतं? पोरीचा हात धरला असता. लवूने काय केलं? त्याची छाती फुगली. ‘‘नेम बघा,’’ तो गर्दीला म्हणाला, ‘‘नेम बघा पोरीचो.’’ आणि ते अशा आवाजात म्हणाला की पाठीमागच्या हिरवळीवर झोपलेली माणसं उठून बसली.

शिवाची पोरं तर अशा संधीसाठीच जन्मली होती. त्यांना कुकारा येत नव्हता, म्हणून त्यांनी जे येत होतं ते दिलं. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ त्या दिवसांत ती घोषणा अशी होती की एकाने म्हटली की दुसऱ्याच्या तोंडून आपोआप निघे. आधी गर्दीतले चारजण म्हणाले, मग वीस, मग ज्यांना पिंजऱ्यात काय चाललंय हे दिसतही नव्हतं तेही. टोपीवाले गृहस्थही पुडी उचलता उचलता म्हणून गेले. मधून मधून अंबीचा कुकारा. पिंजऱ्यातून माकडांचा वेगळाच ठराव.

शिट्ट्या वाजल्या. फाटकावर बंदोबस्ताला असलेले पोलीस पळत आले. गर्दी जशी जमली तशीच विरली. एकटा लवू राहिला, चार पोरं पायाशी, पाचवी हातात दगड घेऊन.

हवालदार साताऱ्याकडचा होता, अंगाने आडवा, मिशीला पीळ. त्याने लवूचा दंड धरला. ‘‘पोरांस्नी फुडं करून मोर्चा काडतुयास व्हय रं?’’

‘‘मोर्चा नाय ओ, सहल,’’ लवू म्हणाला.

‘‘वरडू नगंस.’’

‘‘वरडत नाय, माझो आवाजच असो.’’

हवालदाराला वाटलं हा थट्टा करतोय. त्याने पकड घट्ट केली. ‘‘ही पोरं कुनाची?’’

‘‘चार शिवाची. ही माझी.’’

हवालदाराने खाली पाहिलं. चार पोरं तोंडं चोरून उभी. अंबी मात्र त्याच्याकडे सरळ बघत होती. खाकी कपड्याला भ्यायचं असतं हे तिला अजून कोणी शिकवलं नव्हतं. हवालदार जरा वाकला. ‘‘काय गं, ह्यो कोन लागतु तुजा?’’

लवूने डोळे मिटले. काय येणार ते त्याला ठाऊक होतं.

‘‘पावणो,’’ अंबी म्हणाली.

‘‘पाव्हना? म्हंजी तुज्या घरातला न्हाई?’’

‘‘नाय.’’

हवालदाराचा चेहरा पालटला. मोर्चा वेगळा आणि परक्याची पोर घेऊन बागेत फिरणं वेगळं. दुसरा शिपाईही जवळ सरकला. लवू काकुळतीला आला, ‘‘ओ, माझी पोर आसा ती, खरीच माझी.’’ पण जितकी काकुळत जास्त तितका त्याचा आवाज मोठा, आणि आवाज जितका मोठा तितका संशय जास्त.

‘‘तू गप,’’ हवालदार म्हणाला. ‘‘पोरी, न भिता सांग. ह्यो पाव्हना आला कुटनं?’’

‘‘मुंबयसून.’’

‘‘आन आता तू कुटं हाईस?’’

‘‘मुंबयत.’’

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. ‘‘बरं. घरला येतु कवा?’’

‘‘शिमग्याक येता. नि गणपतीक.’’

‘‘आनतु काय?’’

‘‘खजूर. गोळ्ये.’’

‘‘आन मग?’’

‘‘मग जाता,’’ अंबी म्हणाली. जसं काही यात विचारण्यासारखं काय आहे.

 लवूच्या दंडावरची हवालदाराची बोटं एकेक करून सैल झाली. त्याने शिपायाला हाताने खूण केली, जा फाटकावर. मग टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि लवूकडे न बघता विचारलं, ‘‘किती सालं झाली मिलमदी?’’

‘‘लगनाच्या आधीपासून.’’

‘‘माजं पोरगं आठ वर्साचं हाय,’’ हवालदार म्हणाला. ‘‘गेल्या जत्रंला गेलू तर परड्यात जाऊन लपलं. त्येच्या आयनं वढून आनलं, म्हनाली, पाया पड. तर म्हनतंय कसं, रामराम पाव्हनं, कवा आलासा.’’ तो हसायला गेला, पण ते हसू मिशीतच अडकलं.

एवढ्यात गलका ऐकून राधा डबा काखोटीला मारून धावत आली. नवऱ्याजवळ पोलीस बघून ती दोघांच्या मध्येच येऊन उभी राहिली. पण पोलीस तिच्याशी अदबीने बोलला, म्हणाला, ‘‘काय न्हाई वयनी, पोरगी राखण करतीया बागंची.’’ राधाला दुसरं काय सुचणार? घरी आलेल्याला करतात तसं तिने डबा उघडून घावने पुढे केले. हवालदार नको नको म्हणत झाडाखाली टेकला. पाच माणसांनी एकत्र बसायला बंदी होती. तिथं आता आठजण बसले होते, त्यात एक सरकारी.

हवालदार उठून गेल्यावर लवू तसाच बसून राहिला. घावन्याचा तुकडा हातात तसाच. दोन माणसांना एकाच दिवशी, एकाच शब्दाने उघडं पाडलं होतं त्या एवढ्याशा पोरीने. आणि पोर तर हात चाटत बसली होती. गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच पोटभर जेवली होती. कुकारा घातल्याने भूक लागते म्हणतात.

जेवून झाल्यावर ती आईच्या मागून डोकावली आणि तिने लवूला विचारलं. आपणहून, पहिल्यांदाच. ‘‘तुमी आता कधी जातलास?’’

‘‘खंय जातलंय?’’

‘‘थंय. जातास ता.’’

‘‘अगो, जातंय ता हयच येतंय मी. मुंबयत. ह्याच घर माझा.’’ या वेळी लवूचा आवाज खरोखर बारीक झाला होता. ‘‘आता खंय जावचा नाय.’’

अंबीने विश्वास ठेवला नाही. ती मातीत काडीने रेघ ओढत राहिली आणि मग मातीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, ‘‘असाच सांगतास. गेल्या गणपतीक मी तुमच्या पिशयेर बसललंय. तुमी माका उचलून बाजूक ठेवलास नि गेलास. मी मगे लय रडलंय. आजीकव नाय सांगलंय.’’

लवूला ते आठवलं. बोट चुकेल म्हणून घाई होती. पोरीला पिशवीवरून उचललं होतं, एखादं मडकं उचलून ठेवावं तसं. म्हणजे पोर त्याला परका मानत होती म्हणून बोलत नव्हती असं नाही. जो जाणारच, त्याच्याशी कशाला बोलायचं, एवढाच तिचा साधा हिशेब होता. लवू तोंड फिरवून उठला आणि नळावर जाऊन उगाच पुष्कळ वेळ हात धूत बसला.

परतीच्या वाटेवर शिवाच्या पोरांनी ठरल्याप्रमाणे दोन्ही फुटपाथ वाटून घेतले, आणि दोन्हीकडून एकच नाव ओरडत आली, ‘‘पावणो, ओ पावणो.’’ त्या रात्री जेवणाच्या आधीच ते चाळीत रूढ झालं.

पण अंबी राहते म्हणाली नाही. जाते असंही म्हणाली नाही. सोमवारी राधाने तिचं गाठोडं बांधलं, आणि मंगळवारी सकाळी सगळी भाऊच्या धक्क्यावर गेली. लवूची दुसरी पाळी होती, दुपारपर्यंत मोकळा. गाठोडं त्यानेच उचललं. वाटेत चकार शब्द बोलला नाही. राधाला ते इतकं वेगळं वाटलं की तिने दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

धक्क्यावर ही गर्दी. टोपल्या, ट्रंका, पत्र्याचे डबे, कोंबड्या. रामजी आधीच येऊन उभा होता. बोटीचा भोंगा झाला. लवूने खिशातून खजुराची पुडी काढली आणि पोरीच्या हातात ठेवली, नेहमीसारखी. रामजीने हात पुढे केला, ‘‘चल गो अंबू.’’

अंबीने बोटीकडे बघितलं. मग लवूकडे. मग त्याच्या दोन्ही हातांकडे, आणि पायाशी पिशवी आहे का तेही वाकून बघितलं. तिचं फक्त गाठोडं होतं, लवूची पिशवी नव्हती.

तिने खजुराची पुडी रामजीच्या हातात कोंबली.

‘‘ह्या आजीक दी,’’ ती म्हणाली. ‘‘सांग, पावणो जाता थंय मी जावन बघलंय. चाळीत रवता. बरो आसा, पण वरडता लय. गणपतीक मी त्येका घेवन येतंय, म्हणान सांग.’’

रामजी पुडी घेऊन तसाच उभा राहिला. फळी काढायची वेळ झाली तेव्हा खलाशाने त्याला हाताला धरून आत घेतलं.

 राधा डोळ्यांना पदर लावून उभी होती. बोट धक्क्यापासून सुटली, माणसं हात हलवू लागली. अंबीने आपलं गाठोडं स्वतःच उचलून डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने लवूचा अंगठा धरून ओढला.

‘‘चल आता,’’ ती म्हणाली. ‘‘तुझी पाळी चुकतली.’’